नवगावची बिननावाची कबर

अलिबागहून उत्तरेला निघालं की थळ, मग नवगाव, मग किहीम. सुट्टीच्या दिवशी मुंबईच्या गाड्या या रस्त्यानं थेट किहीमचा किनारा गाठतात. आपण मधेच, नवगावला उतरतोय.

ही बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या कोकणी ज्यूंची जुनी दफनभूमी. इथे स्मारक उभं आहे ते ज्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत अशा माणसांसाठी.

कहाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आली. दूर देशाहून निघालेलं एक गलबत या किनाऱ्याजवळ खडकावर फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं समुद्रानं बाहेर टाकली, ती इथेच पुरली. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे.

सात आणि सात. आकडा जरा जास्तच नेटका आहे, कहाणीत शोभावा असा. पण परवाचाच प्रसंग असल्यासारखं लोक ही जागा दाखवत आले.

हे घडलं कधी? हाईम सॅम्युएल केहीमकर या माणसानं, आडनाव शेजारच्या किहीमवरूनच, समाजाचा इतिहास लिहून काढला, १८९७ साली. छापून यायला १९३७ उजाडलं, तेही तेल अवीवला. त्यांच्या मते ही घटना इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराची. इतर अभ्यासक ती कित्येक शतकं अलीकडे आणतात. पोथ्या गलबताबरोबर बुडाल्या, असं समाज सांगतो. त्यामुळे भांडणाचा निकाल लावणारा कागद नाही. २०१६मधल्या एका जनुकीय अभ्यासात मात्र या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि स्थानिक भारतीयांचा, असे दोन्ही वारसे सापडले.

वाचलेले लोक इथेच रुजले. घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं, शनिवार तेली. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. घरात मराठी. हिब्रू विसरले, उरली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता, तीही चुकली नाही.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू इथे आला. हे खरंच आपले लोक का, हे पाहायला त्यानं म्हणे बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर आणि खवले असलेली, ज्यू धर्माला चालते तेवढीच रांधायला घेतली. म्हणजे कोलंबी बाद, चिंबोरी बाद. अलिबागच्या किनाऱ्यावर राहून हा संयम! रहाबीची खात्री पटली. त्यानं तिघांना धर्मविधी शिकवले आणि त्यांच्या घराण्यांकडे काजीपण, म्हणजे समाजाचे धर्मविधी चालवण्याचा मान आला.

मग हा समाज मुंबईला गेला. सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली तिथलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ १८४८चं. नवसाला मलिदा करायचा, पोहे, खोबरं, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं. कीर्तनंसुद्धा झाली, मराठीत, बायबलमधल्या आख्यानांवर.

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झालं आणि गावं हळूहळू रिकामी होत गेली. तिथे गेल्यावरही सुख लगेच लाभलं नाही. तुम्ही पुरते ज्यू आहात का, असा प्रश्न तिथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी उभा केला. पुन्हा तीच परीक्षा, या वेळी मासळीशिवाय. १९६४ साली बेने इस्रायलांनी मोठं आंदोलन केलं, तेव्हा त्यांना मान्यता मिळाली.

लोद, दिमोना, अश्दोद, बीरशेबा या गावांत ते वसले. घरात मराठी बोलत राहिले, मलिदा करत राहिले. माणसं म्हातारी झाली, तिथेच गेली. त्या दफनभूमींतल्या दगडांवर आता हिब्रू अक्षरांत कोकणातली गावं कोरलेली आहेत, ‘कर’सकट.