पुन्हा नवशिकी

नमस्कार श्रोतेहो.

दरवर्षी आषाढाच्या सुमारास दिवाळी अंकांच्या संपादकांचे निरोप यायला लागतात. पूर्वी पत्रं यायची, हल्ली फोन येतात. "ताई, तुमच्या नेहमीसारखी एक कथा द्या." या मागणीत माया असते, हे मी जाणते. १९०९ साली 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. माझ्यासारख्या कितीतरी जणींना वाचक मिळाले ते या अंकांमुळेच. पण आपली कथा कशी असणार हे संपादकाला ठाऊक असतं, वाचकाला ठाऊक असतं, आणि हळूहळू आपल्यालाही लिहिण्याआधीच ठाऊक होतं. अबोल वडील, घुसमटलेली सून, विकायला काढलेलं घर. ही माणसं मी जवळून पाहिलेली. तरी त्यांच्याबद्दल मला आणखी काही शोधायचं होतं, आणि ते कथेच्या सरावलेल्या वाटेनं हाती येईना.

म्हणून मी श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लिहायला घेतली.

कथेत मी सहज लिहून जाते, 'तो खिडकीशी उभा राहून बाहेर बघत राहिला.' रेडिओवर हे वाक्य कुठे ऐकू येणार? बघण्याला आवाज नसतो. मग मी लिहिलं: खिट्टी सरकल्याचा आवाज, पाऊस एकदम जवळ येतो, आणि आतून बायको म्हणते, "अहो, पाणी आत येतंय. कुणाची वाट बघताय?" खिडकी आली, पाऊस आला, दोघांचं नातं आलं. आणि एक गोष्ट अशी आली, जी मलाही आधी माहीत नव्हती. तो वाट बघतोय हे त्या बाईला कळलेलं आहे! कथेत त्याचं मन मीच उलगडून सांगितलं असतं आणि तिला स्वयंपाकघरात ठेवलं असतं. श्रुतिकेनं निवेदन काढून घेतलं, तेव्हा ती बाई बोलायला लागली. पुढची सगळी श्रुतिका तिचीच झाली.

नवं करून बघावं ते यासाठी. वेगळेपणाची हौस म्हणून केलं तर ते फार दिवस टिकत नाही. प्रत्येक लेखनप्रकार आपल्या हातातलं एक हत्यार काढून घेतो, आणि त्यावाचून भागवताना माणसं वेगळी दिसतात.

या बाबतीत मला जयंत नारळीकरांचं फार अप्रूप वाटतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव! अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून कथा त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. त्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. खगोलशास्त्रात जगभर नाव झालेला माणूस कथेच्या दारात अनोळखी उमेदवार म्हणून उभा राहिला. नावाचं वजन त्यांनी कथेला लावू दिलं नाही. प्रस्थापित लेखकाला हे किती अवघड जात असेल, ते मी आता समजू शकते.

सध्या मी मालवणीतून कथा लिहिते आहे. संवाद मालवणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत, अशी आपली रीत. मी निवेदनसुद्धा बोलीत करते आहे. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या विनोदी नाटकानं आणि त्यात काम करणाऱ्या मच्छिंद्र कांबळींनी मालवणी थेट लंडनपर्यंत पोचवली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण तेव्हापासून मालवणी ऐकली की लोक हसायच्या तयारीत बसतात. माझ्या आजीनं मात्र आपलं सगळं दुःख याच बोलीत सांगितलं. "कोणाक सांगू गे," असं ती म्हणायची तेव्हा पडवीत कुणी हसत नसे. त्या दुःखाची कथा मला तिच्याच भाषेत हवी आहे. काम सावकाश चालतं. एकेका वाक्याशी थांबावं लागतं, कारण प्रमाण भाषेतलं तयार वाक्य आधी पुढे येतं, त्याला बाजूला सारून बोलीतलं शोधावं लागतं. इतक्या वर्षांनी लिहिताना पुन्हा हात थरथरतो, आणि मला त्याचा आनंद होतो.

तर श्रोतेहो, एक विनंती. दुखणं, रुसवा, वियोग, मर्तिक यांविषयी तुमच्या घरातली म्हातारी माणसं मालवणीत जे बोलत असत, ते मला कळवाल का? कोण म्हणत असे आणि कोणत्या प्रसंगी, तेही लिहा. आणि गावाचं नाव विसरू नका, कारण देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोली बदलत जाते. पत्र या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. मला मिळेल.

नमस्कार.