‘पायोरिया आमच्या घराण्यातच आहे’

“डॉक्टर, वडिलांचे, आत्याचे, सगळ्यांचे दात पन्नाशीच्या आत गेले. पायोरिया आमच्या घराण्यातच आहे, आता काय करणार?” हिरड्यांचे रुग्ण तपासताना हे नेहमी ऐकते. आज दादरला तुमच्यापुढे मी याच ‘काय करणार’बद्दल बोलणार आहे, कारण त्यापायी माणसं वाचण्यासारखे दात घालवतात.

घराण्याचा भाग खोटा नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांत ४८० पुरुष मजुरांच्या हिरड्यांची १९७० ते १९८५ अशी पाहणी झाली. दात घासायची सवय नाही, दातांचे उपचार तर त्यांच्यापर्यंत पोचलेलेच नव्हते. हे वाचताना आजही वाईट वाटतं. सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही ८ टक्के लोकांचा रोग झपाट्यानं वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे जवळपास सगळे दात गेले. ८१ टक्क्यांचा संथपणे वाढला. ११ टक्क्यांचा मात्र हिरड्यांच्या सुजेपुढे गेलाच नाही. घाण तीच, मग फरक कुठून आला?

पायोरियात दातांना धरून ठेवणारं हाड झिजतं, पण जंतू स्वतः ते हाड खात नाहीत. त्यांच्याशी लढताना आपलं शरीरच इंटरल्युकिन-१ सारखी रसायनं सोडतं आणि त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. ही लढाई कुणाच्या अंगात किती भडकते, त्यात जनुकांचा मोठा वाटा असतो. पॅपिलॉन-लेफेव्हर नावाच्या दुर्मीळ आजारात कॅथेप्सिन-सी हे एकच जनुक बिघडतं. तळहात-तळपाय जाड होतात आणि दुधाचे दातसुद्धा लवकर पडतात. आपल्या नेहमीच्या पायोरियात असं एकच जनुक नसतं. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. म्हणून महागडी जनुक-चाचणी करून घेऊ का, असं विचारणाऱ्यांना मी नको म्हणते.

अमेरिकेत ११७ जुळ्यांच्या जोड्या तपासल्या गेल्या. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसामाणसांत या रोगाचा जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा आनुवंशिक निघाला. तुमचा निम्मा रोग वडिलांकडून आला, असा याचा अर्थ नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: धूम्रपान, दातांची निगा यांचा हिशेब धरल्यावर नुसत्या हिरड्यांच्या सुजेत आनुवंशिकता दिसलीच नाही. म्हणजे ब्रश करताना रक्त येतं, ती पायरी बहुतांशी आपल्या हातात असते आणि पुढची पडझड तिथूनच सुरू होते.

ज्यांच्या घरात हा रोग आहे, त्यांनी म्हणूनच मिश्री, तंबाखू, विडी-सिगारेट सोडायलाच हवी. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे रोग लपून राहतो. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी, सातच्या वर असेल तर रोग झपाट्यानं वाढण्याचा धोका आम्ही धरतोच.

‘दात साफ केले की हलायला लागतात’ ही समजूत मुंबईत घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेले असतात, कीटणानं ते धरून ठेवलेले असतात इतकंच.

दाताच्या डॉक्टरांना हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली मोजायला सांगा. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच आत सरकवतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे लक्ष घालायचं. आकडे लिहून घ्या, म्हणजे वर्षभरानं रोग किती सरकला ते कळेल. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. आणि तुमचे दात हलत असतील, तर जाताना भावंडांना आणि विशीतल्या मुलांनाही सोबत न्या. त्यांचं हाड अजून शाबूत असेल.