वाडीतला विनोद आणि छोटा पडदा

मुंबईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजावर मराठीत विनोदी टेलिफिल्म कशी व्हावी, असा आजचा विषय जाहीर झाला आहे. परंतु त्याआधी एक जुनी तक्रार मांडल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. हिंदी पडद्यावरचा मुंबईकर ख्रिस्ती माणूस वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघतो: हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी आणि वाक्याच्या शेवटी ‘मॅन’. या सभागृहात उत्तन, मरोळ, कुर्ला येथून आलेली मंडळी बसली आहेत, आणि त्यांच्या आज्या नातवंडांना कोणत्या भाषेत रागावतात हे मी त्यांना सांगायला नको. 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपेक्षा आपली ओळख वेगळी राहावी म्हणून या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. आमच्या पटकथालेखकांपर्यंत ती बातमी अजून पोहोचलेली नाही. एका वाहिनीच्या अधिकाऱ्यांना मी अशी कथा ऐकवली, तेव्हा त्यांनी विचारले, “हे लोक घरात मराठी बोलतात, हे प्रेक्षकांना पटेल का?” या समाजाची जुनी वस्ती असलेली खोताची वाडी गिरगावातच आहे, एकदा चालत जाऊन ऐका, असे मी त्यांना सुचवले. त्यावर त्यांनी फादरच्या पात्राला थोडा गोव्याचा हेल देण्याची सूचना केली! त्या सूचनेचा मला आजही राग येतो.

असा विनोद करता येतो, हे सिद्ध झालेले आहे. बासू चटर्जींच्या 1978 सालच्या ‘खट्टा मीठा’मध्ये विधुर आणि विधवा पारशी उतारवयात लग्न करतात, आणि हशा पिकतो तो दोघांची मुले एका छपराखाली आल्यामुळे, अग्यारीला, म्हणजे पारशांच्या प्रार्थनास्थळाला, कोणी हसत नाही. ‘फादर टेड’ या आयर्लंडमधल्या पाद्र्यांवरच्या, 1995 ते 1998 मधल्या विनोदी मालिकेचे दोन्ही लेखक आयरिश होते, म्हणूनच बिशप येणार म्हटल्यावर पाद्र्यांची उडणारी धांदल त्यांना इतकी नेमकी रंगवता आली.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. कथा लग्नाच्या आदल्या दिवसाची असावी. ‘उंबराचे पाणी’, म्हणजे लग्नाआधीच्या विधीसाठी विहिरीचे पाणी, आणायला बँड लावून मिरवणूक निघते, पण गावठाणाची विहीर आता शेजारच्या टॉवरच्या कुंपणात गेली आहे, आणि वॉचमन नोंदवहीत प्रत्येकाचे नाव, फ्लॅट क्रमांक आणि येण्याचे कारण लिहून मागतो. इकडे स्वयंपाकघरात वराकडच्या आणि वधूकडच्या बायकांमध्ये कोणाचा बॉटल मसाला, म्हणजे या समाजाचा बाटल्यांत भरून ठेवलेला खास मसाला, वापरायचा यावरून अबोला धरला गेला आहे. येथे हसू येते ते शहराच्या अडवणुकीला आणि माणसांच्या मानापमानाला. विधी मात्र जसा होतो तसाच, पूर्ण आदराने चित्रित व्हावा. फादरला विनोदबुद्धी द्यावी, निदान एक तरी मार्मिक वाक्य त्याच्या वाट्याला यावे. कलाकार शक्यतो गावठाणांतलेच घ्यावेत, आणि त्यांच्या बोलीवर प्रमाण मराठीची इस्त्री फिरवू नये.