बंदूक कुणाची, गाडी कुणाची

मंडळी, आत येण्याआधी चहा घेत होतो, तेव्हा अकरावी-बारावीतला एक मुलगा आला आणि थेट म्हणाला, "काका, मार्कोस भारी की नेव्ही सील?" म्हणजे आपल्या नौदलाचे कमांडो की अमेरिकन नौदलाचे. मी म्हटलं, "बाळा, मी आर्मी सर्व्हिस कोअरमधला माणूस. मला विचारशील, तर त्या दोघांना डिझेल कोण पोचवतं ते आधी सांग." त्याचा चेहरा पडला. पण आजच्या तासाभरात मला जे सांगायचंय ते जवळजवळ एवढंच आहे.

मी कमांडो नव्हतो. पत्रिकेत नुसतं 'निवृत्त सेनाधिकारी' छापलंय, त्यामुळे काहींचा गैरसमज झाला असेल. मी फौजेचं राशन, पेट्रोल आणि गाड्या सांभाळल्या. पॅराच्या, म्हणजे पॅराशूटने उतरणाऱ्या पलटणींच्या, मुलांना धावपट्टीवर नेऊन सोडलं, त्यांच्याबरोबर उडी कधी मारली नाही. एकदा तर नेऊनही सोडलं नाही. एका सरावात पहाटे तीनला मुलं सामान बांधून बसली आणि माझ्या शक्तिमान ट्रकांचा ताफा दुसऱ्याच गेटवर जाऊन उभा. हुकमात गेटचा नंबर चुकला होता. मुलं पावणेदोन तास पाठीवर ओझं घेऊन बसून राहिली. त्यांच्या सुभेदारसाहेबांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही, फक्त घड्याळाकडे बघितलं. ते अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून जगातली कुठलीही कमांडो कारवाई वाचली, की मी पहिल्यांदा गाडी शोधतो.

निवडीच्या कहाण्या तुम्ही ऐकलेल्या आहेत, म्हणून तिथे फार थांबत नाही. ब्रिटनच्या एसएएस या कमांडो पथकात वेल्सच्या डोंगरात पाठीवर वजन घेऊन सुमारे ६४ किलोमीटर एका दमात चालायचं. अमेरिकेच्या सीलमध्ये सगळ्यांसमोर पितळी घंटा टांगलेली असते. सहन होईना, तर जाऊन तीन ठोके द्यायचे आणि घरी जायचं. आपल्याकडे पॅरा एसएफचं, म्हणजे पॅराच्या कमांडोंचं, निवडीचं प्रोबेशन, बेळगावचं कमांडो स्कूल. जिथे बघाल तिथे बहुसंख्य गळतात आणि मूठभर उरतात. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक अशाच मूठभरांतले. ते २१ पॅराचे. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची. २०१५ साली कुपवाड्याच्या जंगलात ते कामी आले. या पातळीवर इंग्रज, इस्रायली, रशियन आणि आपला माणूस यांच्यात मला डावं-उजवं करता येत नाही. भाल्याचं पातं सगळ्यांचं धारदारच असतं. देशादेशांत फरक पडतो तो दांड्यात.

आता दोन विमानं समोर ठेवतो. दोन्ही एअरबस ए-३००. दोन्ही पळवली गेली २४ डिसेंबरला. मधे बरोबर पाच वर्षं.

पहिलं एअर फ्रान्सचं, १९९४ सालचं, अल्जिअर्सच्या विमानतळावरून. अपहरणकर्ते चार. तिथेच त्यांनी तिघांचा जीव घेतला. फ्रान्सचं जीआयजीएन हे पथक म्हणजे नेहमीचं सैन्य नव्हे, जॉंदार्मरी, आपल्या भाषेत लष्करी शिस्तीचे पोलीस. अल्जेरियाने त्यांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. मग त्यांनी काय केलं? स्पेनच्या माजोर्का बेटावर जाऊन थांबले, आणि तसलंच दुसरं ए-३०० घेऊन त्याच्यावर दार उघडण्याचा, शिडी लावण्याचा सराव करत बसले. विमान २६ तारखेला पहाटे साडेतीनच्या सुमारास मार्सेयला उतरलं, तेव्हा पथक तिथे आधीच हजर होतं.

अपहरणकर्त्यांनी २७ टन इंधन मागितलं. माझ्यासारख्या पेट्रोलवाल्याचा कान इथे टवकारतो. मार्सेयहून पॅरिसला जायला त्याच्या निम्मंही लागत नाही. मग एवढं कशाला? या विमानाचाच बॉम्ब करून पॅरिसवर नेण्याचा बेत आहे, ही खबर आली होतीच, या आकड्याने ती पक्की केली. फ्रेंचांनी नाही म्हटलं नाही. देतो म्हणाले, आणि दिवसभर दिलं नाही. जेवण पाठवलं, पाणी पाठवलं, संडास साफ करायला माणसं पाठवली. त्या सफाईवाल्यांत पथकाचेही लोक होते. कोण कुठे बसलंय, दारं अडवलीत का, हे बघून आले.

संध्याकाळी पाचच्या पुढे हल्ला सुरू झाला. आणि पहिल्याच मिनिटाला घोळ. सराव झाला होता रिकाम्या विमानावर. हे विमान माणसांनी आणि सामानानं भरलेलं, त्यामुळे किंचित खाली बसलेलं. शिडी दाराच्या उंचीपेक्षा वर गेली आणि दार उघडेना. शिडीची गाडी मागे घेऊन पुन्हा लावावी लागली. आतून गोळ्या चालू आणि बाहेर जगातले निवडक नेमबाज शिडीवर उभे, ड्रायव्हर गाडी मागे घेतोय! मला त्या ड्रायव्हरला भेटायला आवडलं असतं. वीसेक मिनिटांत काम संपलं. चारही अपहरणकर्ते मेले, पथकातले नऊ जण जखमी झाले, आणि विमानात उरलेले सगळे प्रवासी जिवंत बाहेर आले.

दुसरं विमान आपलं, आयसी-८१४. काठमांडूहून दिल्लीला निघालेलं, १९९९. संध्याकाळी सातच्या सुमारास ते अमृतसरला उतरलं. आपल्याच धावपट्टीवर, आपल्याच पोलिसांच्या हद्दीत. तिथे ते पन्नास मिनिटंही थांबलं नाही. दिल्लीत बैठक चालू होती. एनएसजी ही आपली कमांडो फौज अमृतसरला वेळेत पोचली नाही. इंधनाचा टँकर विमानापर्यंत पोचला नाही. शेवटी कॅप्टन देवी शरण यांना जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी विमान उडवावं लागलं. लाहोर, दुबई, कंदाहार. रूपिन कत्याल या तरुण प्रवाशाला त्यांनी मारलं, आणि ३१ डिसेंबरला तीन अतिरेकी सोडून द्यावे लागले. त्यांतला एक मसूद अझहर. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

आता मला सांगा, जीआयजीएनचा जवान एनएसजीच्या जवानापेक्षा भारी होता हे यावरून कसं ठरवायचं? आपल्या माणसाची परीक्षाच झाली नाही. त्याला परीक्षेच्या हॉलपर्यंत कुणी नेलंच नाही. एक फरक मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. फ्रेंचांना दोन दिवस मिळाले, आपल्याला मिनिटं मिळाली. पण त्या दोन दिवसांत ते माजोर्काला गेले, हेही खरं.

बरं, यात जर्मनांना नावं ठेवायची सोय नाही, कारण त्यांनी आमच्यापेक्षा मोठी किंमत मोजली. १९७२ चं म्युनिक ऑलिंपिक. अतिरेक्यांच्या हल्ल्यात ११ इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक गेले. विमानतळावर पोलिसांचे नेमबाज होते पाच आणि अतिरेकी निघाले आठ. नेमबाजांकडे एकमेकांशी बोलायला वायरलेस नाही. चिलखती गाड्या बोलावल्या, तर त्या रस्त्यावरच्या गर्दीत अडकल्या. पुन्हा गाडी! त्याच महिन्यात जर्मनीने जीएसजी-९ हे पथक उभारायचं ठरवलं, तेही सैन्यात नाही तर सीमा पोलिसांत, कारण हिटलरनंतर देशाच्या आत सैन्य वापरायला त्यांचं संविधान सहजी परवानगी देत नाही. पाच वर्षांनी सोमालियात, मोगादिशूच्या विमानतळावर, याच पथकाने लुफ्तान्साच्या विमानातले ८६ प्रवासी सोडवले. तुलना करताना हे ध्यानात ठेवा. बहुतेक पथकांच्या जन्मदाखल्यावर कुठल्या तरी फजितीची तारीख असते.

इंग्रजांचं उदाहरण मला वेगळ्याच कारणासाठी आवडतं. मे १९८०, लंडनमधली इराणी वकिलात, आतल्यांना ओलीस धरून बसलेले सहा बंदूकधारी. एसएएसचे लोक छपरावर दोर बांधून तयार. पण लंडन शहर आहे पोलिसांचं, सैन्याचं नाही. संध्याकाळी ७ वाजून ७ मिनिटांनी पोलीस अधिकाऱ्याने कागदावर सही करून ताबा सैन्याकडे दिला. ७ वाजून २३ मिनिटांनी स्फोट झाला आणि मुलं आत घुसली. ७ वाजून ५३ मिनिटांनी ताबा परत पोलिसांकडे. जगात ज्यांच्या नावाने लोक चळाचळा कापतात ते लोक एका सहीसाठी थांबले होते, आणि सही करणारा माणूस कोण हे आधीच ठरलेलं होतं. त्या गडबडीत एकजण दोरात अडकून खिडकीच्या ज्वाळांत भाजला, हेही झालं. टीव्हीवर दिसतं तितकं चकचकीत काहीच नसतं.

एंटेबेबद्दल सगळ्यांना माहीत आहे, १९७६, इस्रायल ते युगांडा, तिथल्या विमानतळावर डांबलेले ओलीस सोडवायला. लोक पहारेकऱ्यांना फसवायला नेलेल्या त्या काळ्या मर्सिडीजबद्दल बोलतात. मी तिथे इंधनाचा पंप बघतो. इस्रायलहून एंटेबे सुमारे चार हजार किलोमीटर. जाता येईल, पण परत कसं येणार? म्हणून त्यांनी एंटेबेच्याच टाक्यांतून तेल खेचायला पंप बरोबर नेला, आणि शिवाय नैरोबीत उतरून टाक्या भरायची सोय लावून ठेवली. भरल्या त्या नैरोबीतच. योनातान नेतान्याहू हा त्यांचा पथकप्रमुख तिथे मारला गेला. शंभराहून जास्त ओलीस घरी आले.

आणि अमेरिका? अख्ख्या जगात सगळ्यात जास्त पैसा, तरी १९८० च्या एप्रिलमध्ये इराणच्या वाळवंटात त्यांचं काय झालं बघा. तेहरानमधले ओलीस सोडवायला आठ हेलिकॉप्टरं निघाली. किमान सहा लागणार होती. वाळूचं वादळ, बिघाड, आणि ठिकाणावर पोचल्यावर धड राहिली पाच. मोहीम रद्द. माघारी फिरताना एक हेलिकॉप्टर इंधनाने भरलेल्या विमानावर आदळलं आणि आठ जण जळाले. डेल्टा फोर्स या त्यांच्या लष्करी कमांडो पथकाच्या एकाही जवानाला शत्रूवर चाल करण्याची वेळच आली नाही. २०११ मध्ये अबोटाबादला सीलचं एक हेलिकॉप्टर अंगणातच पडलं, तरी ओसामा त्या रात्री सुटला नाही. कारण मागे जादा हेलिकॉप्टरं तयार ठेवलेली होती. मधल्या ३१ वर्षांत सीलचे दंड जाड झाले नसतील, पण मागची गाडी आली होती.

आपल्याकडे हे शिक्षण श्रीलंकेतल्या जाफन्यात झालं, ऑक्टोबर १९८७. विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरने उतरायचं. लिट्टेने, म्हणजे तिथल्या तमिळ बंडखोरांनी, आपला वायरलेस ऐकलेला, ते वाट बघत बसलेले. १० पॅराचे कमांडो उतरले, त्यांच्यामागे १३ शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण उतरले, आणि मग गोळ्यांनी हेलिकॉप्टरं चाळण झाली. पुढच्या फेऱ्या बंद. त्या तीसपैकी २९ मारले गेले, एक पकडला गेला. हीच १० पॅरा १९७१ मध्ये जयपूरच्या भवानीसिंहांच्या हाताखाली सिंधमध्ये सुमारे ८० किलोमीटर आत छाछरोपर्यंत जाऊन आली होती. थारच्या वाळूत, जीपगाड्या घेऊन. पलटण तीच होती. एकदा गाडी बरोबर होती, एकदा परत आली नाही.

रशियाचं सांगतो आणि मग मुंबईला येतो. मॉस्कोचं नाट्यगृह, ऑक्टोबर २००२, ८०० हून जास्त ओलीस. आत गॅस सोडला, सगळ्यांना गुंगी आली, अल्फा या रशियन पथकाचे लोक घुसले आणि अतिरेकी मारले गेले. पथक म्हणून बघाल तर काम फत्ते. पण बाहेर डॉक्टरांना गॅस कुठला हे कुणी सांगितलं नाही, रुग्णवाहिकांना वाट नाही, बेशुद्ध माणसं उताणी टाकून सिटी बसमधून नेली. सुमारे १३० ओलीस गेले, त्यातले बहुतेक त्या गॅसने. अल्फाला किती गुण द्यायचे ते तुम्हीच ठरवा, मला जमलेलं नाही.

२६ नोव्हेंबर २००८. रात्री साडेनऊच्या सुमारास पहिल्या गोळ्या. त्याच रात्री मार्कोसची छोटी तुकडी ताजमध्ये गेली, हॉटेलचा नकाशा हातात नसताना. एनएसजी होती दिल्लीजवळ मानेसरला. विमान, आयएल-७६, होतं चंडीगडला. ते दिल्लीला आलं, मुलं चढली आणि मुंबईत उतरेपर्यंत पहाट झाली. विमानतळावरून त्यांना न्यायला काय होतं? बेस्टच्या बस. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्र सिंह त्या मोहिमेत गेले. त्यांच्या हिमतीत काही कमी होतं असं म्हणणाऱ्याशी मी बोलतही नाही. पण ते दारापाशी पोचेपर्यंत जे तास गेले, त्या तासांचा हिशेब मानेसरच्या मैदानात होत नाही.

पुढे बदल झाले. मुंबईसकट चार शहरांत एनएसजीची केंद्रं आली, महाराष्ट्राने फोर्स वन ही स्वतःची कमांडो तुकडी उभी केली, अडचणीच्या वेळी कुणाचंही नागरी विमान ताब्यात घ्यायचा अधिकार एनएसजीला मिळाला. मुंबईचं केंद्र मरोळला आहे. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नासाठी अंधेरीला गेलो होतो, तेव्हा खोड म्हणून संध्याकाळी साडेसहाला मरोळहून टॅक्सी केली आणि ताजपाशी सोडायला सांगितलं. त्या मुलांसाठी रस्ता मोकळा केला जाईल हे मला कळतं, तरी घड्याळ लावलं होतं. माहीमपाशी टॅक्सीवाला मागे वळून म्हणाला, "साहेब, घाई तर नाही ना?" एक तास बावन्न मिनिटं लागली.