माळ झाल्यावरची पंधरा मिनिटं

ज्या घरात रोज माळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, होते, त्या घरात वाचनासाठी वेगळी वेळ शोधावी लागत नाही. पाच रहस्यांची (येशू-मरियेच्या जीवनातल्या पाच प्रसंगांवरची) माळ सावकाश म्हटली तरी वीस-पंचवीस मिनिटांत होते. घरातली माणसं आल्तारासमोर, म्हणजे घरातल्या वेदीसमोर, बसलेलीच असतात, टीव्ही बंद असतो, मुलांचे हातपाय धुऊन झालेले असतात. कुणी उठायच्या आत बायबल उघडायचं आणि पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. आज मी बोलणार आहे ते एवढ्या पंधरा मिनिटांबद्दलच. आपली श्रद्धा नातवंडांपर्यंत उपदेशानं फार थोडी पोचते. आजीच्या आवाजात रोज कानावर पडणारा मजकूर मात्र आत कुठेतरी राहून जातो, असं माझं ठाम मत आहे. आणि त्याच आवाजातून मराठीही जाते. इंग्रजी शाळेतल्या मुलाला ती दुसरीकडून कितीशी मिळते?

आधी वेळेचं बोलू. वसई-विरारकडे अडचण असते ती लोकलची. मुलगा आणि सून घरी टेकेपर्यंत नऊ वाजतात, आणि मुलं साडेआठलाच पेंगायला लागतात. 'सगळे आल्यावर वाचू' म्हटलं तर आठवड्यातून दोनदाही वाचन होत नाही. म्हणून रोजचं वाचन जी माणसं घरात आहेत त्यांच्यापुरतं ठेवा, आणि वेळ सुनेला विचारून ठरवा. विचारून, हे मी मुद्दाम सांगते. आईबापांना बाजूला सारून आजीनं काही सुरू केलं की मुलांना ते लगेच कळतं आणि वाचन हे घरातल्या ओढाताणीचं आणखी एक कारण होऊन बसतं. रविवार आईबापांसाठी राखून ठेवा. त्या दिवशी बापानं वाचावं. बाप पुस्तक हातात धरून बसलेला मुलानं पाहणं फार मोलाचं असतं, तो अडखळत वाचत असला तरीसुद्धा.

आता कुठून सुरुवात करायची? बहुतेक घरं पहिलं पान उघडतात आणि इथेच वाचन बुडतं. बायबलमधलं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात निघून जातात. पुढच्या निर्गमातही लाल समुद्र आणि सीनाय पर्वत येईपर्यंत मुलं कान देतात. २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू होतात: किती हात लांब, किती हात रुंद, किती कड्या. त्याच्यापुढे लेवीयातले यज्ञविधी. आठ वर्षांचं मूल तिथे टिकत नाही, आणि त्यात त्याची चूक काहीच नाही. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, ती पुस्तकांची पेटी आहे. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. पेटीतून आधी कुठलं पुस्तक काढायचं हे आजीनं ठरवायचं.

मी मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून, सुरू करायला सांगते. अध्याय १६च आहेत. येशू सारखा चालत असतो, नावेत बसतो, कुणाच्या तरी घरात शिरतो. एक अध्याय दोन बैठकांत वाचला तर महिनाभरात शुभवर्तमान पुरं होतं. त्यानंतर ४ अध्यायांचं रूथ आणि ४ अध्यायांचं योना. मग १४ अध्यायांचं तोबित, ज्यात प्रवासाला निघालेल्या तोबियाबरोबर त्याचा कुत्राही चालतो आणि माशाच्या पित्तानं आंधळ्या बापाचे डोळे बरे होतात. मुलं ही गोष्ट पुन्हा मागून घेतात. ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये तोबित सापडणार नाही, तिथे एस्तेर घ्या.

स्तोत्रं अधूनमधून हवीतच, पण निवडून. ११९वं स्तोत्र १७६ वचनांचं आहे, त्याच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. ११७व्यात दोनच वचनं आहेत. अक्षरं जुळवत वाचणाऱ्या मुलानं स्वतःहून वाचायचा पहिला 'अख्खा अध्याय' म्हणून तेच द्यावं. त्यानंतर तीन वचनांचं १३३वं, पाच वचनांचं १००वं, सहा वचनांचं २३वं आणि आठ वचनांचं १२१वं, या क्रमानं चढत जा.

किनाऱ्यावरच्या घरांना एक गोष्ट आयती मिळाली आहे, ती वापरत चला. येशूचे पहिले शिष्य मासेमारीवर जगणारे आहेत. मार्कच्या पहिल्या अध्यायात शिमोन आणि आंद्रिया पाण्यात जाळं टाकत आहेत. मूळ ग्रीक शब्द हातानं फेकून टाकायच्या गोल जाळ्याचा आहे, म्हणजे आपला पाग. पुढे मत्तयच्या १३व्या अध्यायात स्वर्गाच्या राज्याला जाळ्याची उपमा आहे. तिथला ग्रीक शब्द वेगळा, ओढून किनाऱ्याला आणायच्या लांब जाळ्याचा, म्हणजे आपली रापण. मराठीत दोन्हीकडे नुसतं 'जाळं' छापलेलं असतं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मुलाला 'ही रापण बरं का' एवढं सांगितलं की पुढचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा, त्याचा त्यालाच उलगडतो. रापण बरीच माणसं मिळून ओढतात, तिच्यात चांगलं-वाईट सगळं येतं, आणि निवडानिवड वाळूत बसून, जाळं वर आल्यावर होते. दाखल्यात अगदी हेच आहे: निवाडा शेवटी, आणि तो आपल्या हातात नाही. योहानच्या २१व्या अध्यायात १५३ मोठे मासे येतात तरी जाळं फाटत नाही. जाळी दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातली मुलं हा आकडा विसरत नाहीत.

गालीलच्या समुद्रावर येशूची नाव सापडते त्या वादळाचा प्रसंग, मार्क ४:३५ ते ४१, हा मुलांचा लाडका. इथे मुलं विचारतात तेव्हा खरी माहिती द्या. गालीलचा समुद्र हा समुद्र नव्हे, गोड्या पाण्याचं सरोवर आहे. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी साधारण १३. समुद्रसपाटीच्या दोनशे मीटर खाली, चहूबाजूंनी डोंगर, म्हणून वारा अचानक खाली कोसळतो आणि पाणी खवळतं. तिथे आपल्यासारखी भरती-ओहोटी नाही. जुन्या भाषांतरात नावेला 'मचवा' म्हटलेलं आढळेल. तो शब्द बदलून वाचू नका, आपल्या बंदरातला आहे.

शेतीच्या दाखल्यांना मात्र थोडी तयारी लागते. पेरणाऱ्याचा दाखला ऐकून आपल्याकडचं मूल विचारतं, की हा माणूस वाटेवर आणि खडकावर बी का टाकतो, शहाणा नाही का? आपण राब भाजतो, रोपं तयार करतो, मग चिखलात एकेक रोप लावतो. तिथे धान्य मुठीनं उधळून पेरत, ते चहूकडे जाई. एवढं आधी सांगितलं नाही तर मुलाचं सगळं लक्ष त्या पेरणाऱ्याच्या वेंधळेपणात अडकतं. एक बाई पिठात खमीर मिसळते तो खमिराचा दाखला वसईच्या स्वयंपाकघरात आपोआप कळतो, कारण फुग्यांचं (तळलेल्या गोल पावांचं) पीठ रात्रभर वर येताना मुलांनी पाहिलेलं असतं. त्या बाईनं घेतलेलं तीन मापं पीठ मात्र आपल्या मापानं वीसेक किलोंच्या पुढे जातं. ते एका घरापुरतं नाही, गावजेवणाचं पीठ आहे. हे सांगितलं की दाखला एकदम मोठा होतो.

मूल स्वतः वाचायला लागलं की पद्धत अशी ठेवा. आजीनं एक परिच्छेद वाचायचा, मुलानं दोन वचनं. दोनच. महिन्यानं तीन करा. बोट अक्षराखाली ठेवू द्या, त्यात काही बिघडत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलाची गाडी अडते ती जोडाक्षरांवर, रफारावर आणि ऱ्हस्व-दीर्घावर. 'स्वर्ग', 'क्रूस', 'प्रभू', 'धर्म', 'मृत्यू' हे शब्द रोज येतात, ते आठवड्याला पाच या हिशेबानं कागदाच्या चिठ्ठीवर मोठे लिहून वाचनाआधी एकदा दाखवा. वाचताना मूल चुकलं तर लगेच थांबवू नका. वचन पुरं होऊ दे, मग तेच वचन आपण बरोबर वाचून पुढे जा. प्रत्येक चुकीला टोकलं की मूल अर्थ सोडून फक्त आजीच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. खोडी केली म्हणून शिक्षेला बायबल वाचायला लावणं हे तर कधीच करू नये. मग पुस्तक दिसलं की त्याला शिक्षाच आठवते.

आणि वाचून झाल्यावर 'यातून आपण काय शिकलो?' हे विचारायचं टाळा. हा शाळेतला प्रश्न आहे. मूल 'खोटं बोलू नये' असं ठरीव उत्तर देतं आणि मोकळं होतं. उधळ्या मुलाचा दाखला वाचला असेल तर त्याऐवजी विचारा, 'तू त्या थोरल्या भावाच्या जागी असतास तर आत गेला असतास का?' लूकच्या १५व्या अध्यायात तो थोरला आत गेला की नाही हे लिहिलेलंच नाही. तिथे घरातली मोठी माणसंही बोलायला लागतात.

मोठ्या मुलांसाठी, बारा वर्षांच्या पुढे, पेटीबाहेरचंही वाचायला हवं. इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. मराठीला हिऱ्याची उपमा देणारी ओवी शाळेच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या ओठी आहे: 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा, कि रत्नांमाजि हिरा निळा, तैसी भासांमाजि चोखळा, भासा मराठी.' हा ग्रंथ मनात वाचू नका, कळणार नाही. ओवीच्या चालीत म्हणा. चौथा चरण आखूड असतो, तिथे श्वास घ्या. रोज दहा ओव्या पुरेत, आणि ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात येशूच्या दुःखसहनाचा भाग घ्यावा. जुनी भाषा चालीत बसली की मुलांना निम्मी तशीच कळते.

नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. १९१९ साली ते गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, ते पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहून पुरं केलं. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' सुनेबरोबर वाचा. सासू-सुनांनी एका पुस्तकावर मिळून बोलावं असं त्यात पुष्कळ आहे. आजच्या मराठीत बायबल हवं असेल तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आहे, त्याला २०१३चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला. घरात जुनं भाषांतर आणि हे, दोन्ही असावीत. एकच वचन दोन्हींत वाचून दाखवलं की भाषांतर म्हणजे काय हे मुलाला न शिकवता कळतं.

आता पुस्तकाची काळजी. आपल्याकडच्या पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती पाझरतात आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आल्तारावर कायम उघड्या ठेवलेल्या बायबलचं. बाहेरच्या भिंतीला टेकून पुस्तक ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं की आतला दमटपणा आतच राहतो आणि बुरशी लवकर धरते, त्यापेक्षा धुतलेल्या सुती कापडात बांधा. रोज उघडलं जाणारं पुस्तक सहसा बुरशी धरत नाही, कारण पानांना वारा लागतो. बुरशी आलीच तर नाकाला फडकं बांधून, पाऊस नसताना ओटीवर, कोरड्या मऊ ब्रशनं झटका. ओल्या फडक्यानं पुसलं तर ती कागदात मुरते. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात. दहा-दहा पानांमागे कोरा टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवा आणि कागद ओला झाला की बदला. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं खाते. पातळ पांढरा कागद आणि खळ पुरते, फक्त खळ पूर्ण वाळेपर्यंत पुस्तक मिटू नका. एरवी कसर तिच्यावरच येते.

आपल्या पुष्कळ घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू लिहून ठेवतात. ही चाल सोडू नका. तारीख, चर्चचं नाव आणि धर्ममाता-धर्मपित्याचं नाव लिहा. बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा दाखला काढायला चर्चमध्ये गेल्यावर नोंदवहीत शोधायला हे फार उपयोगी पडतं. जेलपेन वापरू नका, दमटपणात शाई पसरते. साधा बॉलपेन टिकतो.

पुष्कळजणी डोळ्यांसाठी थांबतात, त्यांनाही सांगते. अक्षर निदान १६ पॉइंटचं असलेली प्रत घ्या आणि दिवा डोक्यावर न ठेवता डाव्या खांद्यामागून येऊ द्या. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेपर्यंत नातवंडानं वाचावं आणि आजीनं ऐकावं. वाचन मोडू देऊ नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं मनात आणू नका. जिथे खूण आहे तिथूनच पुढे चला.

सुरुवात करायला सगळ्यात सोपा महिना डिसेंबर, तेव्हा मात्र मार्कआधी लूक घ्या. लूकचे अध्याय २४ आहेत, १ तारखेला पहिला घेतला तर २४ तारखेला शेवटचा येतो. पहिला अध्याय ८० वचनांचा आहे, म्हणून तो दोन वेळा बसून वाचा: मरियेच्या गीतापर्यंत दुपारी, उरलेला माळेनंतर. २२वा ७१ वचनांचा, तिथेही तसंच करा. या हिशेबात येशूचा जन्म २ तारखेलाच होऊन जातो आणि मुलं लगेच हरकत घेतात. म्हणून २४ तारखेला एम्माउसच्या वाटेचा शेवटचा अध्याय दिवसाउजेडी वाचून टाका. रात्री, नाताळच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) निघायचे कपडे घालून झाले की दुसऱ्या अध्यायाची पहिली २० वचनं पुन्हा घ्या, आणि ती घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला द्या.