फळ्यावरची तारीख घरापर्यंत

(दृश्य: शाळेच्या व्हरांड्यातला फळा. खडूनं लिहिलेल्या सूचना.)

जून अर्धा झाला की खान्देशात दोन कामं एकदम येतात. काळ्या रानात कापसाची लागवड आणि गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचा पहिला दिवस. फळ्यावर तारीख लागते, पण ती वाचायची त्या वेळी आई-बाप शेतात असतात. व्हॉट्सॲपवर सकाळी अकराला टाकलेला निरोप बापाच्या खिशातच राहतो आणि मुलाचं दप्तर भरणाऱ्या आईला तो दिसत नाही. म्हणून अनुभवी शिक्षक रात्री जेवणानंतर, आवाजाचा निरोप पाठवतात. तोही अहिराणीत: "सोमवारले शाळा शे, पोरेस्ले धाडा." आजीलाही तो कळतो, आणि सकाळी मुलाला हाताला धरून आणणारी बहुतेक वेळा आजीच असते.

(दृश्य: मेळाव्यातली टेबलं. दोरीवरून चालणारी मुलगी.)

पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो, एप्रिलमध्ये एकदा आणि जूनमध्ये पुन्हा. सात टेबलं असतात. नोंदणीपासून सुरुवात, मग शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा, अंकांची तयारी, आणि शेवटी आईशी बोलणं. ही परीक्षा नाही. मूल काय करतं ते विकासपत्रावर लिहितात आणि उरलेलं घरी कसं करून घ्यायचं ते आईला दाखवतात: डाळीतले खडे निवडणं, भाकरी मोजणं, चपलांच्या जोड्या लावणं. आई येताच घाईनं "माझ्या पोराला येतं" म्हणत त्याचा हात धरून चित्र काढून देते, तेव्हा ते विकासपत्र निरुपयोगी ठरतं.

पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण कागद आज ना उद्या लागतातच, आणि चूक इथंच शिरते. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नाव, जी जन्मतारीख आणि जी जात लिहिली जाते, तीच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते. दहा-बारा वर्षांनी जातीच्या दाखल्यासाठी तोच कागद काढावा लागतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी घरांना तर जात पडताळणीत आजोबांची नोंदही शोधावी लागते. म्हणून नोंदणीच्या दिवशी जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून काना-मात्रा जुळवून पाहा, मगच सही करा. मुलाचं आधार पाच वर्षांच्या आत काढलेलं असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ठसे आणि डोळ्यांची नोंद द्यावी लागते. पाच ते सात या वयात हे मोफत करून मिळतं.

(दृश्य: शाळेचं स्वयंपाकघर. चुलीवरचं मोठं पातेलं.)

दुपारचं जेवण. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. साठ मुलं हजर असतील तर सहा किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ, तीन किलो भाजी. हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात उशिरा पोचला की अंदाजानं शिजवतात, मग कुठं उरतं, कुठं पुरत नाही. बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ नीट शिजत नाही. ती आधी भिजवावी लागते, नाहीतर वरणाचं पाणी वर आणि डाळ तळाला. वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायचीच आहे, आणि पालकांनाही येऊन चव घेता येते. कुणाला मुलाच्या वाढदिवसाला शाळेत वरण-बट्टी घालायची असेल तर मुख्याध्यापकांना दोन दिवस आधी सांगावं, म्हणजे त्या दिवशी भात चढत नाही.

जंतनाशकाची गोळीही शाळेतच मिळते, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. ती गिळायची नाही, चावून खायची. मूल आजारी असेल तर त्या दिवशी देत नाहीत, आणि हुकलेल्यांसाठी पुढचा दिवस ठरलेला असतो.

(दृश्य: कानबाईची मिरवणूक.)

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, घरोघरी बसते, सोमवारी विसर्जन होतं. त्या सोमवारी चाचणी ठेवली तर निम्मा वर्ग रिकामा असतो. तीच गत पोळ्याची.

(दृश्य: पहाट. ट्रॅक्टरमध्ये चढणारं कुटुंब, वर भांडी आणि गोधड्या.)

वर्षातली सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र दिवाळीआधीची असते. कापूस वेचणीत मुलं आठवडा-पंधरा दिवस गळतात, पण परत येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घराची मुलं तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त परततच नाहीत. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते आणि गाडी येते तेव्हा रात्रीतून निघावं लागतं. शाळेला कळतं ते हजेरीत रेघ पडल्यावर. म्हणून उचल घेतली त्याच दिवशी शाळेत सांगायचं. मग दोन वाटा उघडतात. मूल बरोबर जाणार असेल तर शिक्षण हमी कार्ड घ्यायचं. त्यावर मुलाला काय येतं ते लिहिलेलं असतं, आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवून त्याला वर्गात बसता येतं. मूल आजीजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी करायची. ते चालवण्यात शाळा व्यवस्थापन समितीचा वाटा असतो, आणि या समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालकच असतात, निम्म्या महिला. ही मागणी सप्टेंबरमधल्याच बैठकीत लिहून घ्यावी, नोव्हेंबरात गाव रिकामं झाल्यावर बैठकीला कुणी उरत नाही. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधारसोबत ठेवा, कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, पाणी शिरतं.

जानेवारी-फेब्रुवारीत स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा. ते मार्चवर ढकलू नये, दुपारचं ऊन पटांगणात उभं राहू देत नाही. मग सकाळची शाळा लागते आणि दप्तरात पाण्याची बाटली सर्वांत जड होते.

(दृश्य: पुन्हा तोच फळा. शिक्षिका नवी तारीख लिहितात.)

एप्रिल येतो आणि पहिलीचा मेळावा पुन्हा ठरतो. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात तो ठेवायचा नाही. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी जातात आणि लेकरंही त्यांच्याबरोबर जातात. फळ्यावर तारीख लिहिली आहे, आखाजीच्या आठ दिवस आधीची. निरोप रात्री जाईल.