चार वेळा उघडलेला पंजा

नमस्कार श्रोतेहो.

1861 सालचा एप्रिल महिना. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यविशारदांपुढे लबोर्न्य नावाचा एक्कावन्न वर्षांचा रुग्ण आला. पाय चिघळला होता म्हणून आणलेला. रुग्णालयात त्याला सगळे 'तां' म्हणायचे, कारण काहीही विचारा, त्याच्या तोंडून 'तां, तां' एवढंच निघायचं. ब्रोकांनी विचारलं, किती वर्षं आहेस इथे? त्यानं पंजा उघडला आणि मिटला, असं चार वेळा. मग एक बोट दाखवलं. पाच चोक वीस आणि एक, एकवीस. हिशेब बिनचूक होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की आपली परीक्षा चालली आहे. तो संतापला आणि त्यानं चक्क एक शिवी हासडली.

आठवड्याभरात तो गेला. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात, इजा सापडली आणि वाचेचं मेंदूतलं ठिकाण शोधण्याला मोठी दिशा मिळाली. मला मात्र तो पंजा विसरता येत नाही. ज्याला एकही शब्द जुळवता येत नव्हता, त्याला आपली वर्षं मोजता येत होती, आणि कोणी आपल्याला तपासून पाहतंय हेही कळत होतं.

या अवस्थेला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. पक्षाघाताचा झटका आलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाला तो होतो. यात जीभ लुळी पडलेली नसते, भाषेची घडी विस्कटलेली असते. म्हणून 'बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा' असं म्हणून कागद पुढे केला तरी बहुतेकदा काम होत नाही, कारण लिहिणं-वाचणंही त्याच घडीतलं. कुणाला हवा तो शब्द सापडत नाही. कुणी भराभर बोलतो, पण त्यातून अर्थ लागत नाही. या दुसऱ्या प्रकाराचं वर्णन कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्ये केलं. आणि ती शिवी? मोजणी, वारांची नावं, प्रार्थना, गाण्याची ओळ, शिव्या हे सगळं पाठ असलेलं बोलणं अनेकदा टिकून राहतं. घरच्यांना वाटतं, शिवी नीट देता येते, मग पाणी का मागता येत नाही? मुद्दाम करतात. नाही हो, मुद्दाम करत नाहीत.

मी वाचाउपचार करते. एक आजोबा सकाळपासून 'काल, काल' म्हणत होते. सूनबाईंनी कालचं सगळं विचारून झालं: काल कोण आलं, काल काय खाल्लं. आजोबा कपाळावर हात मारून घेत होते. मी वहीवर मोठ्या अक्षरांत चार शब्द लिहिले: माणूस, वस्तू, जागा, दुखणं. त्यांचं बोट 'वस्तू'वर गेलं, आणि मग कानामागे. श्रवणयंत्राचा सेल संपला होता. त्यांना 'कान' म्हणायचं होतं.

एका अक्षराचा फरक. पण तेवढ्यावरून घरात 'आता यांचं डोकंही चालत नाही' असं ठरायला लागलं होतं.

स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, गोष्ट निराळी असते. तो झटक्यासारखा एका दिवसात येत नाही. आधी नावं निसटतात, मग 'ते... अमुक... तिथलं ते' वाढत जातं. काहींच्या बाबतीत तर स्मरणशक्ती ठीक असताना आधी भाषाच ढासळू लागते. मार्सेल मेसुलाम यांनी 1982 मध्ये अशा सहा रुग्णांची नोंद केली. म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि कानही तपासून घ्या.

आता आपल्या बोलण्याकडे येते. 'आता आपण गोळी घ्यायची हं, शहाणं बाळ माझं!' सत्तर वर्षांच्या माणसाशी आपण असं बोलतो, तेही मायेनं. अमेरिकेत क्रिस्टीन विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या सेवेची चित्रफीत करून हे तपासलं. स्मृतिभ्रंश झालेल्यांशी असं लाडीगोडीचं बोललं की ते हात झटकण्याची, मान फिरवण्याची, नको म्हणण्याची शक्यता साध्या बोलण्याच्या तुलनेत सुमारे दुप्पट होती. शब्द हरवले तरी सूर कळतो. सूझन केंपर यांच्या अभ्यासातही दिसलं की आवाज चढवून, शब्द ताणून बोलल्यानं वयस्कांना समजायला मदत होत नाही. मदत होते ती वाक्यात वाक्य न गुंतवण्याची, आणि तीच गोष्ट थोडी उलगडून सांगण्याची.

टोरांटोत ऑरा केगन यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. वाचाघात झालेल्यांशी कसं बोलावं हे त्यांनी स्वयंसेवकांना शिकवलं: कागदावर मुख्य शब्द लिहा, खुणा करा, 'हो' की 'नाही' ते पुन्हा विचारून घ्या, कारण मनात 'हो' असताना तोंडून 'नाही' निघू शकतं. आणि स्पष्ट सांगा, 'तुम्हाला सगळं कळतंय, हे मला ठाऊक आहे.' 2001 साली निकाल प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण मिळालं होतं ते फक्त स्वयंसेवकांना, तरी संभाषणात रुग्णांचंही बोलणं-सांगणं सुधारलं. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं. समोरचा माणूस बदलला होता.

एक करू या. आता मी पाच सेकंद गप्प राहते.

(पाच सेकंद शांतता)

रेडिओ बंद पडला की काय, असं वाटलं ना? शब्द शोधणाऱ्याला याच्या दुप्पट वेळही लागू शकतो. तेवढा वेळ हातातलं काम खाली ठेवा, त्यांच्यासमोर बसा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. शब्द आपण पुरवायचा का, तेही आधी त्यांनाच विचारा.

नमस्कार.